चार मिनिटं आधी

जिना अरुंद आहे, सांभाळून चढा. भिंतीला टेकू नका, दिवाळीसाठी कालच चुना दिलाय, अंगाला लागेल. वर आलात की डोळ्यांना जरा वेळ द्या. वीज गेलेली नाही, तरी गच्चीवर दिवा कुणी लावलेला नाही, कारण आज कोजागिरी आहे. साल १९९३, गाव बीड. गल्लीचं नाव विचारू नका. बिंदुसरा नदीपासून हाकेच्या अंतरावरची कोणतीही गल्ली धरा. या गच्चीवरची माणसं माझ्या मनातली आहेत. वर आकाशात जे आहे ते मात्र जसंच्या तसं आहे.

तुमच्या खिशातला मोबाइल बाहेर काढू नका. देशात पहिला मोबाइल वाजायला अजून दोन वर्षं आहेत. इथं तो निव्वळ घड्याळ.

कोपऱ्यात ती उभी आहे. बारा फूट व्यासाची, लोखंडी पट्ट्यांवर जाळी ताणून केलेली डिश. गल्ली तिला छत्री म्हणते. पावसात उलटी झालेली छत्री दिसते तशीच ती आहे, फक्त मधोमध तीन नळ्यांवर एक डबा टांगलाय. डिशच्या मागं पान्हा घेऊन वाकलेलं पोरगं तुम्हाला बघतं. ओळख वगैरे विचारत नाही. गच्चीवर आलेला माणूस म्हणजे दोन हात, एवढाच हिशेब.

“पाहुणं, हितं धरा. घट्ट धरा, पण हलवू नका.”

तुम्ही गार पाइप धरता. तो खाली जिन्याकडं तोंड करून ओरडतो, “आलं का?”

खालून बाईचा आवाज, “मुंग्या!”

तो नटाला अर्धा आटा देतो. “आता?”

“मुंग्याच हायेत!”

आणखी अर्धा आटा. खाली क्षणभर शांतता, मग एकदम चार-पाच लेकरांचा गलका. “आलं, आलं! … गेलं.”

तुमच्या हातातून पाइप जरासा निसटला होता. पोरगं काही बोलत नाही, नुसतं बघतं.

ही डिश आग्नेयेकडं तोंड करून आहे, जमिनीपासून साधारण बावन्न अंश वर. बीडहून बघाल तर तिथं, १०३ अंश पूर्व रेखांशावर, सदतीस हजार किलोमीटर दूर एक रशियन उपग्रह आहे. जातीचं नाव ‘गोरिझोंत’, म्हणजे रशियनमध्ये क्षितिज. ज्या जागेवर तो बसवलाय तिचं नाव ‘स्तात्सिओनार-२१’. घरातल्या दिव्याच्या बल्बाएवढ्या ताकदीनं तो तिथून बोलतो, आणि एवढ्या लांबून खाली येईपर्यंत त्या बोलण्याचा जो चिमूटभर अंश उरतो तो गोळा करायला ही बारा फुटांची परात लागते. त्याच्यावरून सध्या एटीएन नावाची हिंदी वाहिनी येते. सिनेमे आणि गाणी, गाणी आणि सिनेमे. शेजारीच, अडीच अंश पलीकडं, १०५.५ वर एशियासॅट-१ आहे. त्याच्यावरून गेल्या ऑक्टोबरपासून झी टीव्ही येतो. दोन शेजारी, पण स्वभावानं दोन टोकं. एशियासॅट एकदा धरला की महिनोन् महिने डिशला हात लावावा लागत नाही. रशियनाला मात्र रोज सांभाळावं लागतं.

“ह्यो लई हिंडफिऱ्या हाय,” पोरगं म्हणतं. “सकाळी बसवला की रात्री गेला. रात्री बसवला की सकाळी गेला. मालक म्हन्तो नट ढिले हायेत. नट मी सोता आवळलेत.”

नट ढिले नाहीत. पोरगं बरोबर आहे, फक्त त्याला ते सांगणारं कुणी भेटलेलं नाही.

भूस्थिर उपग्रह म्हणजे जागेवर उभा असलेला उपग्रह, असं आपण शाळेत शिकलो. तो उभा कधीच नसतो. विषुववृत्तावर जवळजवळ छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर तो पृथ्वीच्याच वेगानं गरगरत असतो, म्हणून आपल्याला थांबल्यासारखा वाटतो. पण तिथं त्याला ओढणारे आणखी दोघं आहेत, सूर्य आणि चंद्र. त्यांची कक्षा विषुववृत्ताशी तिरकी, म्हणून ते उपग्रहाची कक्षाही हळूहळू तिरकी करतात. वर्षाला पाऊण ते एक अंश. ती सरळ ठेवायची तर इंजिनं फुंकून इंधन जाळावं लागतं. एशियासॅट ते जाळतो. गोरिझोंत बनवणाऱ्यांनी पूर्व-पश्चिम घसरण आवरायची सोय ठेवली, उत्तर-दक्षिण झोक्याची ठेवलीच नाही. मॉस्कोच्या बाजूला बसलेली मोठाली केंद्रं मोटारीनं डिश फिरवून त्याच्या मागं राहायची, मग उपग्रहात इंधन कशाला कोंबायचं? हिशेब बरोबर होता. पुढं कधी त्याच्या मागं बीडचं एक पोरगं पान्हा घेऊन धावेल, हे त्या हिशेबात नव्हतं.

म्हणून हा उपग्रह दिवसातून एकदा वर चढतो आणि एकदा खाली येतो. इथून बघताना जरा तिरपा, फार नाही, दीड-दोन अंश. पण बारा फुटी डिशची नजर दीड अंशाहून जरा रुंद, एवढीच. उपग्रह नजरेच्या कडेला गेला की पडद्यावर मुंग्या.

आता वर बघा. खिरीसारखा घट्ट चंद्र डोक्याच्या पूर्वेला चढतोय. खाली चुलीवर दूध आटतंय, जायफळाचा वास इथवर येतो. ज्याच्या नावानं हे दूध आटतंय तोच तिकडं या पोराचं काम वाढवतोय.

थोडं सायबेरियात जाऊन येऊ, थंडी वाजेल, पण क्षणभरच. येनिसेई नदीच्या काठी क्रास्नोयार्स्क-२६ नावाचं शहर. नकाशावर ते नव्हतं. नाव असं की जणू टपालपेटीचा क्रमांक. तिथं मिखाईल रेशेत्न्योव यांच्या संस्थेत हे उपग्रह जुळवले जातात. प्रत्येकी दोन टनांहून जड. पहिला गोरिझोंत डिसेंबर १९७८ मध्ये बायकोनूरहून प्रोटॉन रॉकेटवर गेला. १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकची चित्रं जगभर पोचवायची होती म्हणून घाई होती. आयुष्य धरलं होतं तीनेक वर्षांचं, म्हणून एकामागून एक, तीसच्या वर पाठवले गेले. डिसेंबर १९९१ मध्ये देशच विरघळला. उपग्रह राहिले. तिजोरीत डॉलर नव्हते, आकाशात रिकाम्या वाहिन्या होत्या. मग त्या भाड्यानं निघाल्या, आणि भाडं परवडणारं होतं.

भाडेकरू भारतातून आले. एटीएन आली. याच १९९३ मध्ये, एप्रिलमध्ये मद्रासची सन टीव्ही आणि ऑगस्टमध्ये केरळची एशियानेट, दोन्ही रशियन उपग्रहांच्या आधारानंच उभ्या राहिल्या. खासगी वाहिनीला आपल्या भूमीवरून वर काही पाठवायची परवानगी नव्हती. त्यामुळं कार्यक्रमाच्या कॅसेटी विमानानं देशाबाहेर जायच्या, तिथून उपग्रहावर, आणि उपग्रहावरून परत इथं. केबलसाठी कायदासुद्धा नाही, तो १९९५ चा. सध्या गल्लीतल्या लिंबाच्या झाडावरून, विजेच्या खांबावरून, एका बाईच्या वाळत घातलेल्या लुगड्याला वळसा घालून जी काळी वायर जाते, तिला कुणाचीच परवानगी नाही आणि कुणाची बंदीही नाही. मला विचाराल तर भारतातल्या खासगी टीव्हीचा खरा कारखाना ही वायर आणि हा पान्हा. पुढं ज्यांची नावं झाली त्यांच्या कचेऱ्या नंतर उभ्या राहिल्या.

आणि एक, जाता जाता. बीड शहरात या रात्री रेल्वे नाही. पिढ्या तिची वाट बघतायत. आष्टीपर्यंत ती पोचायला २०२२ उजाडेल. रशिया आधी पोचला.

“आबा, वर कामून आलात? गार लागंल.”

जिन्यातून एक म्हातारा वर आलाय. डोईला पटका, खांद्यावर घोंगडी. पोराचा आजा, आईचा बाप. पाटोद्याकडच्या गावातून लेकीकडं येऊन राहिलाय. घोंगडी अंथरतो, पण आडवा होत नाही.

“खाली झोप लागंना,” एवढंच म्हणतो.

तुम्हाला कारण माहीत आहे. बरोबर महिन्यापूर्वी, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाची रात्र सरता सरता, ३० सप्टेंबरच्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारी हादरलं. इथं बीडातही भांडी वाजली, खाटा सरकल्या. लातूर आणि उस्मानाबादच्या गावांत मात्र दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांच्यावरची मातीची माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. आबाचं घर तसंच आहे, माळवदाचं. बापानं बांधलेलं, उन्हाळ्यात गार. आता त्याला त्याच छताखाली डोळा लागत नाही, आणि लेकीच्या सिमेंटच्या स्लॅबखालीही नाही. गेल्या महिनाभरात बालाघाटावरच्या आणि खालच्या अर्ध्या गावांनी अंगणात, ओट्यावर, रानात रात्री काढल्यात.

त्या दिवसांतली आणखी एक गोष्ट पोरगं तुम्हाला सांगतं, आवाज खाली आणून. भूकंपानंतर दोन-चार दिवस, रोज सकाळी दहाच्या सुमाराला सगळ्या वाहिन्या आपोआप जायच्या. पाच-सात मिनिटं मुंग्या, मग परत चित्र. पहिल्या दिवशी खालच्या घरातली माणसं लेकरं कडेवर घेऊन रस्त्यावर आली. टीव्ही गेला म्हणजे परत हलणार, असं कुणीतरी म्हणालं होतं.

त्याचा भूकंपाशी काही संबंध नव्हता. वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, सूर्य बरोबर उपग्रहाच्या पाठीमागून सरकतो. बीडहून बघताना या उपग्रहांच्या बाबतीत ती वेळ सप्टेंबरची अखेर आणि ऑक्टोबरची सुरुवात, सकाळी दहाच्या आसपास. डिश त्या मिनिटांत सरळ सूर्याकडं बघत असते. त्याच्या खरखरीत उपग्रहाचं कुजबुजणं बुडून जातं. नेमके तेच दिवस. तुम्ही हे त्याला समजावून सांगता. तो ऐकून घेतो आणि विचारतो, “मंग तवाच कामून?” याचं उत्तर खगोलशास्त्राकडं आहे, पण त्याला हवं असलेलं उत्तर नाही.

चित्र अजून धरलेलं नाही. तो फीडच्या डब्याकडं जातो, कापूस भरल्यासारखं त्यात बोट घालतो. नळीच्या आत टेफ्लॉनची एक पट्टी तिरकी बसवलीय. रशियन उपग्रहाच्या लहरी पिळ्यासारख्या फिरत येतात, एशियासॅटच्या सरळ येतात. पट्टी नसेल तर रशियनाची अर्धी ताकद वाया जाते. पट्टी बसवायची हे त्याला शहरातल्या कुणी पुरवठादारानं एका वाक्यात सांगितलं होतं, का ते सांगितलं नव्हतं. त्यानं ती फिरवून फिरवून चित्र सर्वांत स्वच्छ कुठं येतं ते बघितलं आणि तिथं खूण केली. पंचेचाळीस अंश. पुस्तकातही तेच आहे.

मागच्या महिन्यात एकदा त्यानं डिश पार पश्चिमेला वळवली होती, बघू काय लागतं म्हणून. याच गोरिझोंताची भावंडं तिकडं बसलीत. एक बाई बातम्या देत होती, मागं बर्फ होतं, आणि सगळं काळं-पांढरं. रशियाकडं रंगीत टीव्ही नाही, असा त्याचा समज झालाय. रंग होता. रशियन चित्रातला रंग सेकाम पद्धतीनं बांधलेला असतो, आपल्या टीव्हीला पाल पद्धत कळते, म्हणून रंग वाटेत सांडतो. त्याच्या वहीचं कव्हर मात्र कुठल्याशा सोव्हिएत मासिकाच्या गुळगुळीत पानाचं आहे. त्यावरचं गव्हाचं शेत पिवळंधमक.

ती वही बघा. मागच्या खिशात दुमडून ठेवलेली, पेन्सिलीनं लिहिलेली. उधारीची वही असावी असं वाटतं, पण पैशांचे आकडे नाहीत.

सोमवार, ९.०४. मंगळवार, ९.००. बुधवार, ८.५६. गुरुवारी वीज नव्हती, तिथं फुली. शुक्रवार, ८.४८.

“हे काय रं?” आबा विचारतो.

“रातीचं सगळ्यात खाली किती वाजता जातंय ते लिवलंय. तवा डिश खाली केली की मंग अर्धा-पाऊन तास चित्र टिकतंय.” मग कपाळाला आठी. “पन ते रोज चार मिन्टं आधी व्हतंय. घड्याळ माझं बरूबर हाय. रेडिओला लावून बघितलं.”

आबा वही हातात घेत नाही, त्याला वाचता येत नाही. तो पूर्वेकडं बघतो. शेजारच्या वाड्याच्या कौलांवर, चांदण्यातही दिसतील असे तीन तारे नुकतेच वर आलेत, उभ्या ओळीत, एकावर एक.

“तिकांडं काल कवा उगवलं?”

“मला काय ठावं.”

“मला ठावंय. ह्या येळंच्या जरा मागनं. उद्या ह्या येळंच्या जरा आधी.” तो बोटांनी दाखवतो, तंबाखूच्या चिमटीएवढं अंतर. “रोज एवढंच. दिवाळीला दिवेलागणीच्या मागं, संक्रांतीला दिवेलागणीलाच वर चढलेलं. ईस सीझन ऊस तोडलाय मी. घड्याळ न्हवतं. कारखान्याच्या गव्हाणीत रातभर गाड्यांची रांग. तिकांडं कुठं आलंय बघून बैलाला वाढं टाकायचं, आन् सप्तर्षीची बाज कलली की बायकूला उठवायचं.”

पोरगं वहीकडं बघतं, मग ताऱ्यांकडं.

“मंग तुझं ते रशियाचं यंत्र,” आबा म्हणतो, “सूर्याच्या न्हाई, तिकांड्याच्या चालीनं चालतंय.”

इथं तुम्ही थांबा. एवढं स्पष्ट वाक्य मी कुठल्या पाठ्यपुस्तकात वाचलेलं नाही. आपला दिवस चोवीस तासांचा, तो सूर्यावरून मोजलेला. पण पृथ्वी ताऱ्यांच्या हिशेबात स्वतःभोवती एक फेरा करते तो तेवीस तास छप्पन्न मिनिटांत. उरलेली चार मिनिटं सूर्याला गाठायला लागतात. उपग्रह सूर्याला गाठत बसत नाही. त्याचा फेरा ताऱ्यांच्या हिशेबाचा, म्हणून त्याचा झोकाही रोज चार मिनिटं आधी, महिन्याला दोन तास, आणि वर्षानं फिरून त्याच वेळेला. ज्या माणसानं तीन ताऱ्यांवर बैलाचं वैरण-पाणी सांभाळलं, त्याला हे नव्यानं शिकायचं काही नव्हतं. भास्कराचार्यांचं विज्जलविड म्हणजे आपलं बीडच, असं इथले काही जण हट्टानं सांगतात. मला तो वाद सुटेलसं वाटत नाही. पण या गच्चीवर, या मिनिटाला, मी त्यांच्याशी भांडणार नाही.

पोरगं पान्हा उचलतं. घड्याळ बघत नाही. तिकांड्याकडं एकदा बघून नट दोन आटे खाली घेतं.

खालून बाईचा आवाज. “आलं! हात लावू नगंस! आता हात लावू नगंस!”

जुन्या सिनेमाचं गाणं जिन्यातून वर येतं, मागोमाग दुधाचे पेले. तुमच्याही हातात एक. आबा चंद्राचं प्रतिबिंब पेल्यात धरून बघतो, फुंकर मारतो, पितो. दिवाळी झाली की त्याचा लेक आणि सून निघतील. मुकादमाची उचल कधीच घेतलीय, टोळी ठरलीय, एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. तिकडं उसाच्या फडाशेजारी पाचटाची कोपी असेल, टीव्ही नसेल. सातवीतला नातू इथं आत्याकडं राहील. तो आता खाली पडद्यासमोर पुढच्या रांगेत बसलाय आणि गाण्यावर मान हलवतोय. आकाशातून खासगी मराठी वाहिनी उतरायला अजून सहा वर्षं आहेत, १९९९ चा १५ ऑगस्ट, अल्फा मराठी. ती ज्या एशियासॅट-३एस वरून येईल, तो त्याच वर्षी मार्चमध्ये वर जाईल, बायकोनूरहून, प्रोटॉनवर. म्हणजे मराठीलाही गाडी रशियाचीच.

आता परत चला. जिना तोच, चुन्याचे थर वाढलेत.

गच्ची आज रिकामी आहे. डिशची जाळी कुणी सोडवून नेली, सांगाडा पडून आहे आणि त्याच्यावर दोडक्याचा वेल चढलाय. खाली प्रत्येकाच्या हातात आपापला पडदा. पान्हावाला पोरगा आता पन्नाशीत असेल, फायबरच्या जोडण्या करत असेल, किंवा पुण्याला.

आणि रशियन? गोरिझोंतांचं काम कधीच संपलं, पण ते खाली पडले नाहीत. त्या उंचीवरून काही खाली येत नाही. जे निकामी होताना नीट वर ढकलून दिले नाहीत, ते आपोआप घसरू लागतात. पृथ्वीचं विषुववृत्त अगदी गोल नाही, जरा लांबट आहे, म्हणून त्या कक्षेत दोन खळगे आहेत. परातीत सोडलेली गोटी जशी मध्याकडं येते, पलीकडं चढते, परत येते, तसा १०३ अंशांवर सोडून दिलेला उपग्रह पश्चिमेला घसरतो, खळगा ओलांडतो, पलीकडं चढतो आणि परत फिरतो. असे कित्येक मेलेले सोव्हिएत उपग्रह, त्यांत गोरिझोंतही, आज एका खळग्याभोवती झोके घेतायत. तो खळगा पूर्व रेखांश ७५ च्या थोडा पुढं आहे. नकाशा उघडून बघा. ती रेघ आष्टी तालुक्यातून जाते.

त्यांना सरळ ठेवणारं आता कुणी नाही. सूर्य-चंद्रानं त्यांच्या कक्षा वर्षानुवर्षं कलवल्या, त्यांतल्या काहींच्या पंधरा अंशांपर्यंत. त्यामुळं दिवसातून एकदा असा एखादा उत्तरेकडं चढत चढत पंधरा अंश अक्षांशावर येतो, आणि तेव्हा तो खळग्याच्या मध्याजवळ असेल तर बीडच्या गच्चीवरून जवळजवळ डोक्यावर असतो. मुका आहे, डोळ्यांना दिसत नाही. उद्या तिथंच यायची त्याची वेळ आजच्यापेक्षा सुमारे चार मिनिटं आधीची.

पूर्वेला कौलांच्या जागी आता तीन मजली इमारत आहे. तिकांडं तिच्या पाण्याच्या टाकीमागून वर यायला जरा उशीर होईल, तोवर थांबा.